निकानोरची जीभ

निकानोर इबार्रा खडा आधी चाटायचा, मग बघायचा. कुणी टेबलावर दगड ठेवला की तो चष्मा शोधत बसायचा नाही. दगड उचलायचा, शर्टाला पुसायचा, जीभ बाहेर काढून टेकवायचा आणि डोळे मिटायचा. जीभ दगडाला चिकटली, तर दगड कच्चा. त्याच्या अंगात भोकंच भोकं, आतून खडू, पाणी दिसलं की शोषून घेणार. जीभ काचेवरून सरकल्यासारखी सरकली, तर दगड पक्का. बाकीचे कारागीर पाण्याचा थेंब टाकून बघत, सुरीचं टोक टेकवून बघत. निकानोर म्हणायचा, "सुरी पोटात घालायला हाय. दगडाला जीभ लागती."

सांता रोसेंदा हे अ‍ॅरिझोनातलं तांब्याचं गाव. डोंगर होता तिथं आता खड्डा आहे, पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला, आणि गावातला प्रत्येक बाप्या त्या खड्ड्यात उतरलेला आहे. कंपनीला तांबं हवं. पिरोजा हा तिच्या लेखी कचरा. तांब्याचं पाणी हजारो वर्षं फुटक्या खडकातून झिरपत जातं, वाटेत त्याला काय काय भेटतं, आणि भेगेत निळं गोठून बसतं. तांब्यानं तो निळा होतो, त्यात लोखंड शिरलं की हिरवट पडतो. कंपनी ते सगळं मुरमाच्या ढिगावर ओतून देई, आणि गडी पाळी संपली की जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणत. फाटकावरचा पहारेकरी डबा उघडायला सांगत नसे. त्याच्याही घरी डबा होताच.

आता ते दिवस सरले. पिरोजा असतो वरच्या पायऱ्यांत, जिथवर पावसाचं पाणी पोचतं. खड्डा खोल गेला तसा तांब्याचा रंग बदलला आणि निळं संपलं. तिसऱ्या पायरीचा दगड, ज्याच्यावर कोळ्यानं विणल्यासारखी बारीक काळी जाळी असायची, तो तर नऊ वर्षांपूर्वीच संपला. ज्याच्या घरी जेवढा उरला तेवढाच.

निकानोर स्वतः खाणीत सात वर्षं होता. गुडघा गेल्यावर बाहेर पडला आणि घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत चाक मांडलं. बावीस वर्षं झाली. गावातला अर्धा पिरोजा त्याच्या हातून गेलाय. काडीच्या टोकाला लाखेनं खडा चिकटवायचा, पाण्याच्या धारेखाली चाकावर घुमट काढायचा, शेवटी कातड्यावर घासून चकाकी आणायची. नाव्हाहो आदिवासींच्या मुलखातली चांदीची कारागीर अल्बर्टा एत्सिट्टी वर्षातून दोनदा तिची जुनी मोटार घेऊन यायची, आणि पहिली निकानोरच्या दारात थांबायची.

थांबायची, असं म्हणावं लागतं. कारण चार वर्षांपासून ती पहिली चानो किवीसच्या दारात थांबते.

चानोला हे काम शिकवलं कुणी? निकानोरनं. चाळिशीचा बाप्या, खाणीतल्या यंत्राला तेल घालणारा, हाताची बोटं काळी, एके दिवशी येऊन म्हणाला, "माएस्त्रो, मला बी शिकवा की." माएस्त्रो म्हणजे उस्ताद. निकानोरला वाटलं, महिनाभरात कंटाळेल. त्यानं शिकवलं. करवत कशी धरायची, खडा तापला तर रंग कसा जातो, हाताचं तेल लागलं तर कच्चा दगड वर्षभरात कसा शेवाळतो, सगळं. फक्त जिभेचं शिकवलं नाही. ते चानो बघून बघून शिकला.

आणि मग तो बरा कापायला लागला. आधी बरा, मग चांगला. निकानोर खडा कापताना त्याला गुळगुळीत अंड्याचा आकार द्यायचा, काळी रेघ आली की घासून टाकायचा. चानो रेघ ठेवायचा. दगड जसा वाकडा असेल तसा वाकडा ठेवायचा, कडेला खडकाची तपकिरी साल तशीच सोडायचा. निकानोरला ते काम अर्धवट वाटायचं. अल्बर्टानं पहिल्यांदा चानोचा तसला खडा तळहातावर घेतला आणि किती तरी वेळ काही बोललीच नाही. निकानोरच्या खड्यांपुढं ती कायम बोलायची. "छान आहे," म्हणायची.

तेव्हापासून निकानोरच्या पोटात जे पेटलं ते विझलं नाही. चानोनं नवीन मोटार घेतली तर हा म्हणे, कर्जाची असेल. चानोच्या अंगणात मेस्कीटच्या झाडाखाली लोक कॉफी प्यायला बसले, तर हा खिडकीचा पडदा सरकवून मोजायचा, कोण कोण बसलंय. एकदा चर्चमध्ये मिसा संपल्यावर पाद्री चानोशी दोन मिनिटं जास्त बोलला, तर निकानोर आठवडाभर देवळात गेला नाही.

त्याची बायको ओफेलिया हे सगळं जाणून होती. ती म्हणायची, "आवं, त्यो तुमास्नी माएस्त्रो म्हनतो."

"म्हंतो की. तेच तर."

"काय तेच?"

"शिवी दिली आस्ती तर मी बी दिली आस्ती. ह्ये काय, टोपी काढून हुबं ऱ्हायाचं."

अशातच एका मंगळवारी दॉन कुको तारासोन आला.

दॉन कुको म्हणजे खाणीतला सगळ्यात जुना गडी, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला. काठी टेकत आला, खुर्चीत बसला, दम खाल्ला आणि कोटाच्या खिशातून पायमोजा काढला. पायमोजात दगड. मूठभर मोठा, बटाट्यासारखा, बाहेरून तपकिरी सालीचा, पण एका अंगाला साल उडालेली आणि तिथून निळं दिसत होतं. त्या निळ्यावर काळी बारीक जाळी.

निकानोर पुढं वाकला. "तिसरी पायरी," तो म्हणाला.

"तिसरीच. शेवटच्या हप्त्यातला." दॉन कुकोनं दगड टेबलावर ठेवला. "नऊ वर्सं पलंगाखाली हाय. नेनाशी लगीन झाल्याला ऑक्टोबरात पन्नास वर्सं व्हत्यात. म्हनलं एक मोठा खडा काढावा आणि अल्बर्टाकडनं तिला कडं करून घ्यावं. जन्मभर बिचारीनं कंपनीच्या दुकानातलं पितळंच घातलं."

निकानोरनं हात पुढं केला. आपल्या हातून आता असा दगड पुन्हा जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. वय एकसष्ट. तिसरी पायरी संपलेली. हा कापला, हा अल्बर्टाच्या तळहातावर ठेवला, आणि ती गप्प झाली की झालं. एवढंच त्याला हवं होतं. तिनं एकदा गप्प व्हावं.

"चानोनं बघितला," दॉन कुको म्हणाला. "त्यो म्हनला, माएस्त्रोची जीभ लागल्याबगार मी हात लावनार न्हाय. म्हनून आलो."

निकानोरचा हात तिथंच थांबला.

"आधी त्याच्याकडं गेलतासा?"

"वाटंत हाय न्हवं त्याचं घर. गुडघं बघ माजं."

वाटेत. चानोचं घर वाटेत. बावीस वर्षं हेच गाव आणि हीच वाट, तेव्हा कुणाच्या गुडघ्याला निकानोरचं घर लांब पडलं नव्हतं. आणि चानोनं पाठवला. म्हणजे दान दिलं. आधी आपण बघून घेतलं, मग मोठं मन करून म्हाताऱ्याला सांगितलं, जा, माएस्त्रोलाही विचार. निकानोरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जीभ टाळूला लागली. त्यानं दगड उचलला, शर्टाला पुसला, डोळे मिटले, आणि उडालेल्या सालीच्या जागी जीभ टेकवली.

चिकटली.

त्यानं पुन्हा टेकवली. पुन्हा चिकटली. सोडवताना बारीक चट् आवाज आला, तो दॉन कुकोलाही ऐकू गेला.

"कच्चा," निकानोर म्हणाला. "आत खडू हाय. करवत लागली की भुगा पडंल."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. "तिसऱ्या पायरीचा आन् कच्चा?"

"तिसऱ्या पायरीला काय देवानं लिहून दिलतं व्हय? राळंत घाला आन् कापा. राळ आत गेली की टिकंल. कड्यात बसवाया रंग बरा दिसंल." आणि मग, का कोण जाणे, त्याच्या तोंडून निघालं, "चानोला द्या. त्याच्याकडं राळंचा डबा हाय. मी आसली कामं करत न्हाय."

दॉन कुको पायमोजा खिशात घालून निघून गेला. राळेत घातलेला खडा अल्बर्टा हातातसुद्धा धरत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. दगड पक्का असो नाहीतर कच्चा, एकदा त्या डब्यात बुडाला की त्याच्या भेगाभेगांत प्लास्टिक जाऊन बसतं आणि ते परत निघत नाही. ती तिच्या आजीकडून शिकलेली. दगडाच्या अंगात दगड सोडून दुसरं काही चालायचं नाही तिला.

त्या दुपारी निकानोर पोटभर जेवला. ओफेलियानं वाळवलेलं मांस मिरचीत परतलं होतं, त्यानं चार तोर्तिया खाल्ल्या, वर चिलतेपिनच्या दोन मिरच्या चावल्या. चानोच्या चाकावर तो दगड फुटताना त्याला दिसत होता. भुगा, निळा भुगा, आणि चानोचं तोंड. मग आठवलं, राळेत घातल्यावर फुटणार नाही. पण अल्बर्टा घेणारही नाही. तेही बरंच.

गुरुवारी रात्रीचं जेवण वाढताना ओफेलिया म्हणाली, "नेना भेटली व्हती दुकानात. रडत व्हती. म्हनली, चानोनं दगड सावलीत वाळत घातलाय, सनवारी सकाळी राळंत सोडनार."

"सोडू दे."

"चानो म्हनं मऊ बोलला तिच्याशी. म्हनला, रंग मी असा ठेवीन की बघतच ऱ्हाशीला. पैका बी घेनार न्हाय म्हनला."

"न्हाय घेनार," निकानोर म्हणाला. "मोटार फुकट आली आसंल त्येची."

"जेवा की गप."

निकानोरला विचार करताना अंगठी ओठाशी नेण्याची खोड होती. अंगठीतला खडा त्यानं स्वतः कापलेला, दुसऱ्या पायरीचा, काचेसारखा पक्का. वीस वर्षांत त्याचा रंग केसभर बदलला नव्हता. चानो, मऊ बोलला, पैका घेनार न्हाय, असं मनाशी घोळवत त्यानं अंगठी ओठाला लावली, जीभ खड्यावर टेकली.

चिकटली.

तो थबकला. अंगठी दिव्याखाली धरली. खडा तोच. पुन्हा चाटला. चट्.

"काय झालं?" ओफेलियानं विचारलं.

"पानी दे."

तो तांब्याभर पाणी घटाघटा प्याला, तोंडात चूळ फिरवली आणि पुन्हा चाटलं. जीभ सरकली. सरसर सरकली, जशी वीस वर्षं सरकत आली होती.

निकानोर ताटावरून उठला नाही, पण घासही घेतला नाही. मंगळवारी तो पाणी प्याला नव्हता. मंगळवारी दॉन कुकोनं चानोचं नाव घेतलं होतं आणि त्याचं तोंड वाळूसारखं झालं होतं. कोरड्या जिभेला काच लावली तरी काच चिकटेल. हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता, मेस्काल दारूची झिंग उतरत असताना दगड चाटून.

शुक्रवार त्यानं पत्र्याच्या खोलीत काढला. चाक सुरू केलं, बंद केलं. मनात दोन निकानोर भांडत होते. एक म्हणत होता, गप बस. तू कच्चा म्हणालास, चानोनं ऐकलं, म्हातारा मानून गेला. दगड राळेत गेला की कुणालाच काही कळणार नाही. बोललास तर काय होईल? चानो कापील. अल्बर्टा गप्प होईल, पण चानोपुढं. गावभर होईल, निकानोरची जीभ गेली. दुसरा काही बोलतच नव्हता. तो नुसती ती काळी जाळी दाखवत होता, पुन्हा पुन्हा. राळेत ती जाळी तशीच दिसेल, पण मेलेल्याच्या तोंडाला रंग लावल्यासारखी.

ओफेलिया दारात येऊन म्हणाली, "दाढी तरी करा."

"कशाला? कुठं जायाचंय मला?"

तिनं वस्तरा आणून ठेवला.

शनिवारी सकाळी चानोच्या छपरीत तिघेच होते. चानो, दॉन कुको, आणि लाकडी बाकावर ठेवलेला उघडा डबा, त्यातली राळ मधासारखी. दगड तारेच्या जाळीत घालून चानोनं हातात धरला होता. निकानोर दारात उभा राहिला तसा चानोनं टोपी काढली.

"या, माएस्त्रो. तुमी आलात ते बरं झालं."

बरं झालं म्हणे. निकानोरला तोंड कोरडं पडताना जाणवलं. ह्या वेळी त्यानं ते ओळखलं.

"पानी हाय का?"

चानोनं मडक्यातून पेला भरून दिला. निकानोर तो उभ्यानं प्याला, दुसरा मागितला, चूळ भरून दाराबाहेर टाकली. दॉन कुको बघत होता. "जास्त झाली व्हय रं काल?"

"दगड दे," निकानोर म्हणाला.

त्यानं जीभ टेकवली. सरकली. त्यानं सालीच्या कडेला लावली, जाळीवर लावली, जिथं जिथं निळं उघडं होतं तिथं तिथं लावली. सगळीकडं काच. दगड थंड होता आणि तोंडाला काही मागत नव्हता.

अजून वेळ होती. "व्हय, कच्चाच," एवढं म्हणायचं आणि दगड परत द्यायचा. त्याचे ओठ तसे हललेही.

"पक्का हाय," तो म्हणाला.

दॉन कुकोनं काठी दोन्ही हातांत धरली. "मंगळवारी कच्चा म्हनलास."

"चुकलो."

"तुजी जीभ चुकती?"

"तोंड कोरडं पडलतं."

"कशानं?"

निकानोर जमिनीकडं बघत होता. खोटं सांगायला पन्नास गोष्टी होत्या. "ह्येचं नाव घेतलंस म्हनून," त्यानं हनुवटीनं चानोकडं दाखवलं. "म्हनलास, आधी ह्येच्याकडं गेलतो. तवा पडलं."

म्हाताऱ्याच्या पोटातून हसू आलं, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं. "आरं माज्या द्येवा. पन्नास वर्सं नेनाच्या भावाचं नाव घेतलं की मला बी आसंच व्हतंय."

चानो हसला नाही. त्यानं वाकून राळेच्या डब्याचं झाकण लावलं, हातानं दाबून घट्ट केलं. मग म्हणाला, "मला बी पक्काच वाटला व्हता, माएस्त्रो. थेंब टाकला व्हता. पाऱ्यावानी हुबा ऱ्हायला."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी कच्चा म्हनलात. म्हनलं, वरनं पक्का आसंल आन् आत खडू. तुमाला आतलं कळतंय. माजीच जीभ चुकली आसंल."

निकानोरला त्या क्षणी चानोच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हा माणूस साधं चिडतही नव्हता. स्वतःच्या बरोबर जिभेवर निकानोरच्या चुकीच्या जिभेला बसवून मोकळा झाला होता. एवढं मोठेपण माणसाजवळ असावं तरी कशाला?

"मग तुमीच कापा," चानो म्हणाला आणि करवतीपासून बाजूला झाला.

निकानोरचे हात पुढं गेलेही होते. दॉन कुकोनं काठी मधे आडवी धरली.

"चानो कापंल."

"दॉन कुको, माएस्त्रो आसताना..."

"दगड माजा, बायकू माजी. ज्येचं नाव ऐकून तोंड वाळतं, त्येच्या समोर हुबं ऱ्हाऊन ह्यो कापनार? हात हलंल ह्येचा. निकानोर, रागावू नगंस."

"न्हाय रागावत," निकानोर म्हणाला. तो रागावला होता. पण म्हातारा बरोबर बोलत होता, म्हणून त्यानं हात मागं घेतले.

चानोनं दगड करवतीपाशी नेला, पण लगेच लावला नाही. "कुठनं घेऊ, माएस्त्रो?"

निकानोरनं नखानं रेघ दाखवली. दगडाच्या लांबीवर, सरळ, जिथून सगळ्यात मोठं अंडं निघेल. त्यानं गुरुवारपासून मनात हीच रेघ शंभरदा मारली होती. चानोनं बघितलं, मान हलवली. मग दगड बोटांत थोडा फिरवला, पाव वळसा, तिरपा. "हितनं घेतला तर?"

निकानोरनं बघितलं आणि त्याला दिसलं. तिथून कापला तर काळी जाळी मधोमध कापली जाणार नव्हती. अख्खी वर येत होती, कडेला साल ठेवून, डोंगरातून ओढा निघावा तशी. बावीस वर्षांत त्याला तसा दगड फिरवायचं सुचलं नव्हतं. अंडं काढायची एवढी घाई.

चानो थांबला होता. निकानोरनं न्हाय म्हटलं असतं, तर त्यानं त्या नखाच्या रेघेवरच कापला असता, हे अगदी स्वच्छ होतं.

"हितनंच घे," निकानोर म्हणाला. "पानी मी धरतो."

करवत लागली. त्यानं पाण्याची नळी धरून ठेवली, निळसर गढूळ पाणी त्याच्या बुटांवर सांडत होतं. दगडाचे दोन तुकडे झाले. चानोनं वरचा तुकडा पाण्याखाली धुतला आणि दॉन कुकोच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो दारात नेला, उन्हात धरला, काठी विसरून तसाच अंगणात चालत गेला. "नेनाला दावून येतो," एवढं म्हणाला. त्या दिवशी परत आलाच नाही.

ऑक्टोबरच्या आधी अल्बर्टा आली. चानोच्या अंगणात खडा बघून ती गप्प झाली, आणि ती गप्प झाली तेव्हा निकानोर तिथं नव्हता. त्यानं खिडकीच्या पडद्यातून पाहिलं. किती वेळ गप्प होती ते त्यानं मोजलं. मग ती त्याच्याही दाराशी आली, चार गुळगुळीत खडे घेतले आणि "छान आहेत," म्हणाली.

"चानोचा बघितला?" त्यानं विचारलं.

"बघितला. तो म्हणाला, पक्का आहे हे माएस्त्रोनं सांगितलं."

"आधी कच्चा म्हनलो व्हतो. ते न्हाय सांगितलं त्यानं?"

"नाही."

"मग मी सांगतो," निकानोर म्हणाला आणि सगळं सांगितलं, कोरड्या तोंडासकट. चानोनं झाकलेलं त्याला तसंच ठेववेना. निदान आपली चूक तरी आपल्या नावावर असावी.

गावात ही गोष्ट पसरली, पण गावाचा त्याच्या जिभेवरचा विश्वास उडाला नाही. तिसऱ्या पायरीचे चारदोन दगड अजून कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या कुंडीत होते, आणि अडलं की लोक निकानोरकडंच यायचे. फक्त आता दगड टेबलावर ठेवल्यावर तो लगेच उचलत नाही. तांब्यातलं पाणी पितो. मग विचारतो,

"चानोकडनं आलास का?"

बहुतेक जण न्हाय म्हणायला शिकलेत. पण परवा कोऱ्या चेहऱ्याचं एक पोरगेलं माणूस आलं, खाणीत नव्यानंच लागलेलं, आणि खरं बोललं. "व्हय. त्यांनीच पाठिवलं. लई चांगला मानूस."

निकानोरनं दगड त्याच्याकडं परत सरकवला.

"आज न्हाय व्हायचं," तो म्हणाला. "उद्या ये. आन् उद्या त्येचं नाव काडू नगंस."